वर्गात एआय आणण्यापूर्वी: मराठी शाळांतील शिक्षक आणि मुख्याध्यापकांसाठी

30 नोव्हेंबर 2022 रोजी चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले आणि जानेवारी 2023 मध्ये न्यूयॉर्क शहराच्या सरकारी शाळांनी आपल्या संगणकांवर आणि इंटरनेट जोडणीवर त्याला बंदी घातली. मे महिन्यात ती बंदी मागे घेतली गेली. शाळेच्या फाटकात अडवलेली गोष्ट मुलांच्या खिशातल्या मोबाइलवर सहज उपलब्ध होतीच. आपल्याकडेही आज तीच परिस्थिती आहे. गुगलचे जेमिनी मराठीत उत्तरे देते, व्हॉट्सॲपमध्ये मेटाचा एआय बसलेला आहे आणि आठवी-नववीतील अनेक मुलांना त्याची ओळख शिक्षकांच्या आधी झालेली आहे. त्यामुळे कृत्रिम बुद्धिमत्ता (एआय) शाळेत येऊ द्यावी की नाही, या चर्चेत आता फारसा अर्थ उरलेला नाही. ती कोणत्या कामासाठी, कोणाच्या हातात आणि कोणाच्या देखरेखीखाली वापरायची, हे ठरवणे मात्र अजूनही शाळेच्या हातात आहे. हा लेख त्या ठरवण्याला मदत व्हावी म्हणून लिहिला आहे.

सीबीएसईने 2019-20 पासून नववीला कृत्रिम बुद्धिमत्ता हा विषय ठेवला आहे आणि केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने 2026-27 या शैक्षणिक वर्षापासून तिसरीपासूनच त्याची ओळख करून देण्याचे जाहीर केले आहे. एआय हा अभ्यासाचा विषय म्हणून शिकणे आणि गणित, भाषा किंवा विज्ञान शिकण्याचे साधन म्हणून वापरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. येथे केवळ दुसरीचा विचार केला आहे.

प्रत्येक वापरापूर्वी विचारायचा प्रश्न

कोणताही वापर सुरू करण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा: यातून कोणाचे श्रम वाचणार आहेत आणि त्या श्रमांतून कोणी काही शिकणार होते का? शिक्षक एका घटकावरची तीस उदाहरणे हाताने लिहून काढतो तेव्हा त्या लिहिण्यातून तो स्वतः फारसे नवे शिकत नाही. ते श्रम वाचले तर वाचू द्यावेत. विद्यार्थी मात्र निबंधाचे पहिले वाक्य शोधताना, ते खोडताना आणि पुन्हा लिहिताना नेमके तेच शिकत असतो ज्यासाठी निबंध दिलेला असतो. तेथे वाचलेले श्रम म्हणजे बुडालेले शिक्षण होय. शाळेतील एआयचे बहुतेक वाद या एका कसोटीवर तपासले, तर पुष्कळसे सोपे होतात.

यावर एक महत्त्वाचा प्रयोग झालेला आहे. तुर्कस्तानातील एका माध्यमिक शाळेत सुमारे हजार विद्यार्थ्यांवर केलेला हा अभ्यास 2025 मध्ये प्रसिद्ध झाला. गणिताच्या सरावासाठी एका गटाला नेहमीसारखे उत्तर देणारे चॅट-साधन दिले, दुसऱ्या गटाला शिक्षकांनी आखून दिलेल्या पद्धतीने केवळ सूचना देणारे, थेट उत्तर न सांगणारे साधन दिले आणि तिसऱ्या गटाने वही-पुस्तकावर सराव केला. सरावाच्या वेळी पहिल्या गटाची कामगिरी तिसऱ्या गटापेक्षा 48 टक्क्यांनी आणि दुसऱ्या गटाची 127 टक्क्यांनी सरस ठरली. पुढे साधन काढून घेऊन परीक्षा घेतली तेव्हा पहिला गट, ज्यांना कधीच साधन मिळाले नव्हते त्यांच्याही 17 टक्के मागे पडला. दुसऱ्या गटाचे नुकसान बहुतांशी टळले, पण परीक्षेत त्याला ठळक फायदाही झाला नाही. सर्वांत गंभीर बाब अशी की, पहिल्या गटातील मुलांना आपले काही नुकसान झाले आहे याची जाणीवच नव्हती. सरावात भराभर येणारी बरोबर उत्तरे पाहून मूल, पालक आणि कधीकधी शिक्षकही समाधान मानतात. ते समाधान फसवे असू शकते, हे या प्रयोगाने आकड्यांत दाखवून दिले.

याच्या शेजारी दुसरे उदाहरण ठेवायला हवे. नायजेरियातील एडो राज्यात 2024 च्या जून-जुलैमध्ये जागतिक बँकेच्या पाठबळाने शाळा सुटल्यानंतरचा सहा आठवड्यांचा वर्ग चालवला गेला. मुले जोडीजोडीने संगणकापुढे बसून मायक्रोसॉफ्ट कोपायलटच्या मदतीने इंग्रजीचा सराव करत आणि शिक्षक सतत वर्गात हजर असत. तेथे मुलांनी स्पष्ट प्रगती केली. दोन्ही ठिकाणची साधने एकाच जातकुळीची होती. नायजेरियात शिक्षक जवळ उभा होता, कामाची आखणी आधीच केलेली होती आणि मुलांना आपसांत बोलायला वाव होता. माझ्या मते या दोन उदाहरणांतून शाळेने उचलावी अशी गोष्ट हीच आहे.

सुरुवात शिक्षकाच्या टेबलापासून करावी

पहिले संपूर्ण सत्र एआय विद्यार्थ्यांच्या हातात देऊच नये. शिक्षकांनी आधी स्वतःच्या तयारीसाठी ते वापरावे, त्याच्या चुका ओळखायला शिकावे आणि मग पुढचे पाऊल टाकावे. महाराष्ट्रातील द्विशिक्षकी शाळेत एका शिक्षकाला एकाच खोलीत दोन-तीन इयत्ता सांभाळाव्या लागतात आणि एकाच इयत्तेत वाचनाच्या चार वेगवेगळ्या पातळ्यांवरची मुले असतात. अशा वर्गासाठी एकाच उताऱ्याची सोपी आणि अवघड रूपे, एकाच घटकावरच्या चढत्या काठिण्याच्या कृतिपत्रिका किंवा गटकार्याच्या सूचना तयार करणे हे वेळखाऊ काम असते आणि ते होत नाही म्हणून मागे पडलेली मुले मागेच राहतात. एआयची खरी उपयुक्तता मला येथे दिसते.

सूचना, म्हणजे ज्याला सर्वजण प्रॉम्प्ट म्हणतात तो, मोघम लिहिला तर उत्तरही मोघम मिळते. ‘अपूर्णांकावर उदाहरणे दे’ असे लिहिण्याऐवजी पुढीलप्रमाणे लिहून पाहावे:

‘मी महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या शाळेत पाचवीला गणित शिकवतो. भिन्न छेद असलेल्या दोन अपूर्णांकांची बेरीज या घटकावर सहा शाब्दिक उदाहरणे तयार कर. प्रत्येक उदाहरणात एक छेद दुसऱ्या छेदाच्या पटीत असावा आणि बेरीज 1 पेक्षा कमी यावी. अंश, छेद, सममूल्य अपूर्णांक हेच शब्द वापर. प्रसंग शेती, बाजार, शिवणकाम आणि स्वयंपाक यांतले असावेत. वाक्ये छोटी ठेव. उत्तरे शेवटी वेगळी, पायऱ्यांसह दे.’

या सूचनेतील प्रत्येक वाक्यामागे कारण आहे. ‘बेरीज 1 पेक्षा कमी यावी’ ही अट घातली नाही, तर ‘रखमाने सकाळी शेताचा 3/5 भाग आणि दुपारी 7/10 भाग खुरपला, तर एकूण किती भाग खुरपला?’ असे उदाहरण येऊ शकते. गणिती क्रिया बरोबर, उत्तर 13/10 हेही बरोबर, पण एका शेताचा दहात तेरा भाग खुरपणे शक्य नाही. यंत्राला शेत माहीत नसते. आधीच्या असंख्य मजकुरांवरून पुढे कोणता शब्द संभवतो याचा अंदाज बांधत ते वाक्य पूर्ण करते, म्हणून भाषा सफाईदार असूनही प्रसंग अशक्य असू शकतो. असे उदाहरण सापडल्यास ते लगेच खोडून टाकू नये. फळ्यावर लिहून ‘यात काय चुकले आहे?’ असे वर्गाला विचारावे. उत्तर काढण्यात पटाईत असलेल्या मुलांनाही त्या प्रश्नाने थांबून विचार करावा लागतो.

परिभाषेची अटही अनावश्यक नाही. या साधनांना मिळालेला मराठी मजकूर इंग्रजीच्या मानाने फार कमी असल्यामुळे मराठीत लिहिताना ती हिंदीकडे घसरतात. छेदाऐवजी ‘हर’, काटकोन त्रिकोणाऐवजी ‘समकोण त्रिभुज’, लसाविऐवजी ‘लघुत्तम समापवर्त्य’ असे शब्द डोकावतात. मोठ्यांना ते चटकन कळतात, मात्र पाचवीच्या मुलाच्या दृष्टीने तो एक नवा, पुस्तकात नसलेला शब्द असतो आणि तो गोंधळतो. उत्तम उपाय म्हणजे बालभारतीच्या पुस्तकातील संबंधित पानाचा मजकूर सूचनेसोबत देऊन ‘याच परिभाषेत लिही’ असे सांगणे. बालभारतीची पुस्तके पीडीएफ स्वरूपात विनामूल्य उपलब्ध आहेत, त्यामुळे हे कठीण नाही.

मराठीच्या शिक्षकांनी अधिक सावध राहावे

गणितातील चूक पडताळून पाहता येते. भाषेतील चूक आत्मविश्वासाने लिहिलेल्या परिच्छेदात दडून बसते. व्याकरणाचे एक उदाहरण घेऊ. ‘शिपायाने चोर पकडला’ हा कर्मणी प्रयोग आहे, कारण क्रियापद कर्माप्रमाणे बदलते: शिपायाने चोर पकडले, शिपायाने मांजर पकडले. ‘शिपायाने चोराला पकडले’ यात कर्माला प्रत्यय लागल्यामुळे क्रियापद तटस्थ राहते, म्हणून तो भावे प्रयोग होतो. दोन्ही वाक्यांचा अर्थ एकच, पण प्रयोग वेगळा. अशा ठिकाणी एआय-साधने दुसऱ्या वाक्यालाही कर्मणी म्हणून मोकळी होऊ शकतात आणि वर पटणारे स्पष्टीकरणही देतात. समासाचा विग्रह, वृत्तातील लघु-गुरूंची मोजणी आणि गण पाडणे यांत तर त्यांच्यावर विसंबूच नये. अक्षरांच्या मात्रा मोजण्याचे काम ही साधने मुळातच नीट करत नाहीत, कारण ती देवनागरी मजकूर आपल्यासारखा अक्षर-अक्षर न वाचता वेगळ्याच तुकड्यांत तोडून हाताळतात.

कवितेच्या रसग्रहणात धोका आणखी मोठा आहे. कवितेच्या नावावरून रसग्रहण मागितले, तर यंत्र कवितेत नसलेल्या ओळी रचून त्या कवीच्या नावावर खपवू शकते. म्हणून कवितेचा मूळ पाठ समोर ठेवल्याशिवाय कवितेवरचे एकही वाक्य स्वीकारू नये, असा नियम मराठीच्या शिक्षकांनी स्वतःला घालून घ्यावा. इतिहासातील सनावळी, स्थानिक इतिहास, गावांची नावे आणि संतवाङ्मयातील अवतरणे यांनाही हाच नियम लागू करावा.

मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी आणि माडिया, नंदुरबारकडे भिली आणि पावरी बोलणारी मुले पहिलीत येतात तेव्हा शाळेची मराठीच त्यांना नवी असते. या भाषांत एआय कडून भाषांतर करून घेण्याचा मोह शिक्षकाला होणे स्वाभाविक आहे, कारण गरज खरी आहे. परंतु या भाषांतील लिखित मजकूर इतका थोडा आहे की मिळालेले भाषांतर विश्वासार्ह मानता येत नाही, आणि ते तपासणारा शिक्षक स्वतः ती भाषा जाणत नसेल तर चूक पकडलीही जात नाही. गावातील एखाद्या शिकलेल्या तरुणीला किंवा अंगणवाडी सेविकेला सोबत बसवून शंभर-दीडशे शब्दांचा आणि पंधरा-वीस गोष्टींचा संग्रह तयार करणे हेच अधिक फलदायी आहे. एआयचा उपयोग फार तर त्या गोष्टींच्या मराठी बाजूला चढत्या पातळीची वाचनपत्रके करण्यापुरता ठेवावा. ज्या मुलांना मदतीची सर्वाधिक गरज आहे, त्यांच्या भाषेतच हे तंत्रज्ञान सर्वांत दुबळे आहे, ही बाब धोरण आखणाऱ्यांनी सतत समोर ठेवायला हवी.

विद्यार्थ्यांच्या हातात देताना

युनेस्कोने सप्टेंबर 2023 मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनात वर्गातील वापरासाठी किमान वय 13 वर्षे असावे, असे सुचवले आहे. चॅटजीपीटीच्या अटींनुसारही 13 वर्षांखालील मुलांनी ते वापरणे अपेक्षित नाही आणि 18 वर्षांखालील मुलांसाठी पालकांची परवानगी आवश्यक आहे. याचा व्यवहारातला अर्थ सरळ आहे. सातवीपर्यंत एआयचे खाते आणि पडदा शिक्षकाच्या ताब्यात असावा. वर्गाने मिळून प्रश्न ठरवावा, शिक्षकाने तो टाइप करावा, आलेले उत्तर सर्वांनी वाचावे आणि पाठ्यपुस्तकाशी ताडून पाहावे. एका प्रोजेक्टरवर किंवा एका मोबाइलवर हे होऊ शकते आणि ‘पडद्यावर आले म्हणजे खरे’ हा समज मोडायला याहून चांगला पाठ नाही.

आठवीपासून पुढे मर्यादित स्वतंत्र वापर देता येतो, पण आधी वही, मग यंत्र हा क्रम कधीही उलटा होऊ देऊ नये. विद्यार्थ्याने स्वतः उदाहरण सोडवण्याचा प्रयत्न वहीत करावा, अडलेली पायरी अधोरेखित करावी आणि मग साधनाला असे सांगावे: ‘मी येथपर्यंत आलो आहे. उत्तर सांगू नकोस. पुढची पायरी सुचण्यासाठी मला एक प्रश्न विचार.’ तुर्कस्तानच्या प्रयोगातील दुसऱ्या गटाला मिळालेले साधन साधारण याच धर्तीचे होते. मुलांना ही सूचना पाठ करायला लावली तरी चालेल. शिक्षकाने वहीतील पहिला प्रयत्न तपासावा, यंत्राच्या मदतीने आलेल्या उत्तराला गुण देऊ नयेत.

लेखनातही याच क्रमाने वापर करता येतो. विद्यार्थ्याने आपला निबंध लिहून झाल्यावर एआयला तो सुधारून देण्यास न सांगता ‘हा निबंध वाचून माझे कोणते म्हणणे वाचकाला पटणार नाही, ते तीन प्रश्नांत विचार’ असे सांगावे आणि त्या प्रश्नांची उत्तरे देत स्वतःच दुसरा मसुदा लिहावा. दोन्ही मसुदे एकत्र जोडून घ्यावेत. दोन मसुद्यांमधील फरक वाचताना मुलाचा विचार कोठे पुढे गेला, हे शिक्षकाला जितके स्पष्ट दिसते तितके एकट्या अंतिम निबंधातून कधीच दिसत नाही.

दृष्टिहीन किंवा वाचनात अडचण असलेल्या मुलांसाठी मजकूर मोठ्याने वाचून दाखवणे, बोललेले टिपून घेणे आणि अवघड उतारा सोपा करून देणे हे उपयोग मात्र वयाची फार वाट न पाहता, शिक्षकाच्या सोबतीने सुरू करावेत. येथे यंत्र मुलाचा विचार हिरावून घेत नाही, विचारापर्यंत पोहोचण्याची वाट मोकळी करते.

गृहपाठ आणि नक्कल

‘हा निबंध मुलाने लिहिला की एआयने?’ हा प्रश्न शिक्षकांना फार छळतो आणि त्यावर उपाय म्हणून एआय-लेखन ओळखून देणारी संकेतस्थळे पुढे केली जातात. त्यांचा निकाल पुरावा म्हणून कधीही वापरू नये. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचे असे साधन जुलै 2023 मध्ये अचूकता कमी असल्याचे सांगून बंद केले. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशी सात साधने तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या परीक्षार्थींनी स्वतः लिहिलेले 91 निबंध त्यांना दिले असता सरासरी 61 टक्के निबंध यंत्राने लिहिलेले असल्याचा निर्वाळा मिळाला, तर अमेरिकन शाळकरी मुलांचे निबंध जवळजवळ सर्व बरोबर ओळखले गेले. कारण असे की, परकी भाषा शिकणारा माणूस साधे, अपेक्षित शब्द वापरतो आणि ही साधने नेमक्या त्याच साधेपणाला यंत्राची खूण समजतात. सेमी-इंग्रजीच्या वर्गातील आपल्या मुलीने घाम गाळून लिहिलेला इंग्रजी परिच्छेद असा नाकारला गेला, तर तिच्यावर होणारा अन्याय भरून काढता येणार नाही. संशय आल्यास मुलाला शेजारी बसवून ‘हा शब्द येथे का वापरलास?’, ‘हा मुद्दा तुला कोठे सापडला?’ असे शांतपणे विचारावे. पाच मिनिटांत खरे काय ते कळते, आणि चूक असलीच तरी मुलाला ती कबूल करण्याची वाट राहते.

कायमचा उपाय गृहपाठाचे स्वरूप बदलण्यात आहे. ‘पाणी वाचवा’ या विषयावरचा निबंध यंत्र काही सेकंदांत लिहून देते. ‘आपल्या वाडीतील सार्वजनिक विहिरीचे पाणी कोणत्या महिन्यात आटते, ते तीन ज्येष्ठांना विचारून त्यांच्याच शब्दांत लिहा आणि त्यांच्या सांगण्यात फरक का पडला असावा याचा अंदाज करा’ हे काम यंत्राला करता येत नाही, कारण ती माहिती कोणत्याही संगणकावर नाही, ती त्या माणसांकडे आहे. बाजाराच्या दिवशी भाज्यांच्या भावांची नोंद करून आलेख काढणे, एसटीच्या वेळापत्रकावरून वेग-वेळ-अंतराची उदाहरणे तयार करणे, आजीच्या बोलीतील म्हणी जमवणे असे कितीतरी विषय सुचतील. निबंधाचा पहिला मसुदा वर्गात, पंचवीस मिनिटांत, हाताने लिहून घ्यावा. दहावीच्या अंतर्गत मूल्यमापनातील 20 गुणांसाठी जे प्रकल्प आणि स्वाध्याय घेतले जातात, त्यांवर प्रत्येक मुलाला दोन-तीन तोंडी प्रश्न विचारले, तर छापील प्रकल्प आणून देण्याची जुनी प्रथाही आपोआप थांबेल. एआय येण्याच्या कितीतरी आधीपासून तयार प्रकल्प दुकानांत विकत मिळत आलेले आहेत.

आणखी एक अट महत्त्वाची आहे: घरी एआय वापरल्याशिवाय पूर्ण होणार नाही, असा गृहपाठ कधीही देऊ नये. ग्रामीण भारतातील ‘असर’ सर्वेक्षणाच्या 2024 च्या अहवालानुसार 14 ते 16 वयोगटातील 82 टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येतो, पण आदल्या आठवड्यात त्याचा उपयोग शिक्षणासाठी केलेली मुले 57 टक्के होती, तर समाजमाध्यमांसाठी केलेली 76 टक्के. घरात फोन असणे म्हणजे तो मुलाच्या, विशेषतः मुलीच्या हातात असणे नव्हे. तो वडिलांबरोबर कामावर जातो, रात्री परत येतो, आणि रिचार्ज संपलेला असू शकतो. यूडायस प्लस या केंद्राच्या शालेय माहिती प्रणालीच्या 2023-24 च्या आकडेवारीप्रमाणे देशातील 53.9 टक्के शाळांमध्येच इंटरनेट होते. या परिस्थितीत एआयवर आधारित गृहपाठ म्हणजे काही मुलांना पुढे बसवून उरलेल्यांना वर्गाबाहेर ठेवणे होईल.

मूल्यमापन

प्रश्नपेढी, गुणदान योजनेचा कच्चा आराखडा आणि नमुना उत्तरे यांसाठी एआय घ्यावे. उत्तरपत्रिकांचे फोटो देऊन गुण मागू नयेत. मराठी हस्ताक्षर वाचताना ते चुकते, त्याच उत्तराला दोन वेळा वेगळे गुण देऊ शकते, आणि मुलाने वेगळ्या रीतीने मांडलेला बरोबर विचार त्याला चूक वाटू शकतो. गुण देणे ही शिक्षकाची जबाबदारी आहे आणि ‘यंत्राने दिले’ हे उत्तर पालकाला देता येणार नाही.

मुलांची माहिती

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, 2023 नुसार 18 वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक ठरते. बालकांच्या माहितीवर प्रक्रिया करण्यासाठी पालकांची पडताळणी करता येईल अशी संमती लागते, त्यांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यावर आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवण्यावर निर्बंध आहेत आणि मुलांविषयीच्या जबाबदाऱ्या न पाळल्यास 200 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. शाळेच्या दैनंदिन व्यवहारासाठी मात्र कायद्यापेक्षाही कडक आणि सोपा नियम करावा: विद्यार्थ्याला ओळखता येईल असे काहीही एआयच्या चौकटीत लिहायचे नाही. नाव, आधार क्रमांक, अपार आयडी, सरल किंवा यूडायसवरील क्रमांक, फोटो, जात, आजार, अपंगत्वाचा तपशील, घरची परिस्थिती यांतले काहीच नाही. प्रगतिपुस्तकावरील शेरे तयार करून घ्यायचे असतील, तर ‘वाचन चांगले, गणितात शाब्दिक उदाहरणे अवघड जातात, वर्गात कमी बोलतो’ एवढेच द्यावे आणि नाव नंतर हाताने घालावे. तोही शेरा जसाच्या तसा उतरवू नये. पन्नास मुलांना एकाच साच्यातली वाक्ये मिळाली की पालकांना ते लगेच कळते.

मुलींच्या फोटोंवरून एआयच्या साहाय्याने अश्लील प्रतिमा बनवण्याचा धोका शाळांनी गांभीर्याने घ्यायला हवा. शाळेच्या सार्वजनिक पानांवर मुलांचे स्पष्ट, एकेकट्याचे फोटो टाकणे थांबवावे, गटाचे आणि दुरून घेतलेले फोटो पुरेत. असा प्रकार घडल्यास तो शाळेतच मिटवण्याचा प्रयत्न करू नये. अशा कृत्यांना पॉक्सो कायदा लागू होऊ शकतो आणि त्या कायद्यानुसार गुन्ह्याची माहिती असलेल्या व्यक्तीने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. 1098 ही बालकांसाठीची मदतवाहिनी आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंद संकेतस्थळ यांची माहिती सूचनाफलकावर लावावी. ज्या मुलीबाबत हे घडले तिची चूक नाही, हे तिला आणि तिच्या आई-वडिलांना मुख्याध्यापकांनी स्वतः सांगावे.

एक पानाचे धोरण आणि खरेदीचे प्रश्न

वरील सर्व बाबी शाळेने एका पानावर मराठीत लिहून काढाव्यात. लांबलचक धोरण कोणी वाचत नाही. कोणत्या इयत्तेत काय चालेल, काय चालणार नाही, कोणती माहिती द्यायची नाही, नियम मोडल्यास पहिल्या वेळी काय होईल आणि शंका असल्यास कोणाला विचारायचे, एवढे पुरे. शिक्षण हक्क कायद्याने अनुदानित आणि शासकीय शाळांत असलेल्या शाळा व्यवस्थापन समितीपुढे ते ठेवावे, पालक सभेत मोठ्याने वाचावे आणि आठवीपुढच्या दोन विद्यार्थ्यांनाही मसुद्याच्या वेळी बोलवावे, कारण कोणती पळवाट आहे हे त्यांनाच नेमके ठाऊक असते. साधने झपाट्याने बदलत असल्यामुळे हे पान प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला पुन्हा तपासावे.

एआय असलेले ‘स्मार्ट’ पॅकेज घेऊन विक्रेते आता लहान गावांतील शाळांपर्यंत पोहोचू लागले आहेत. करारावर सही करण्यापूर्वी त्यांच्याकडून पुढील प्रश्नांची लेखी उत्तरे घ्यावीत: मुलांची माहिती कोठे साठवली जाते आणि करार संपल्यावर ती केव्हा पुसली जाईल, त्या माहितीवर कंपनी आपली साधने प्रशिक्षित करणार आहे का, मराठी माध्यमाच्या कोणत्या इयत्तांच्या बालभारतीच्या पुस्तकांवर हे तपासले आहे, इंटरनेट बंद असताना काय चालेल, आणि दुसऱ्या वर्षापासून शुल्क किती. त्यानंतर शाळेतील मराठीच्या आणि गणिताच्या शिक्षकांनी विक्रेत्यासमोरच प्रत्येकी दहा प्रश्न स्वतः विचारून पाहावेत, त्यांत व्याकरणातील प्रयोग ओळखण्याचा आणि शाब्दिक उदाहरणाचा एकेक प्रश्न अवश्य असावा, आणि उत्तरे पुस्तकाशी ताडून झाल्याशिवाय व्यवस्थापनाने खरेदीचा ठराव करू नये.